बाबांसाठीची हार्प

गरम सरसाचा वास आला की मला अमेरिकेतल्या बॉथेलमधलं आमचं गॅरेज आठवतं. इथेच जन्मलेली माझी मुलगी आयरिश संगीत वाजवायची, आणि त्या गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या हातांनी एक छोटी हार्प, म्हणजे बोटांनी छेडायचं उभ्या तारांचं वाद्य, बनवत होती. आत हॉलमध्ये माझे मिस्टर घरी आणलेल्या हॉस्पिटलच्या बेडवर होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. "झाली का गं?" ते रोज विचारायचे, आणि ती म्हणायची, "ऑलमोस्ट, बाबा." नव्या तारा रोज थोड्या थोड्या ताणायच्या असतात, पण त्या दुपारी त्यांचा श्वास बिघडलेला पाहून तिने सगळ्या एकदमच ताणल्या. फटाका फुटावा तसा आवाज झाला. मी धावत गेले, तर तारांखालची लाकडी फळी उभी चिरली होती आणि मुलगी भिंतीला टेकून उभी होती. "काय पडलं?" मी आत आल्यावर ह्यांनी विचारलं. "काही नाही, कपाटातला डबा," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. "डबा नव्हता तो. तिला रागावू नकोस." त्याच संध्याकाळी ते गेले. त्यांचे ते शब्द तिला सांगायचं धाडस मला इतक्या दिवसांनी, परवा झालं. तिने ऐकून घेतलं, गॅरेजमध्ये त्या चिरलेल्या हार्पपाशी गेली आणि आतून दार लावून घेतलं.