तवराजाअण्णांचा जबाब

तवराजाअण्णा इथे परदेशात, पेंडल हिल या उपनगरात, आमच्या घरामागच्या खोलीत राहायचे. फुकटचा घास त्यांच्या घशाखाली उतरायचा नाही. जेवायला बोलावलं की आधी काहीतरी काम उरकून यायचे. अंगणातलं गवत तर इतक्यांदा कापायचे, की माझा नवरा म्हणायचा, "अण्णा, त्याला जरा उगवू तरी द्या."

मूळचे आमच्या तमिळ मुलखातल्या, समुद्रकाठच्या मुल्लैतीवूचे कोळी. बोटीने इथे आसरा मागायला आले तेव्हा बेटावरच्या छावणीत साहेबाने त्यांना विचारलं, घरातल्या कुणाला तिकडच्या सैन्याने मारलं का, नेलं का? अण्णा म्हणाले, "मुलगा बाहेर गेलाय. येईल."

परक्या माणसाला ही लपवाछपवी वाटेल. आमच्याकडे असंच बोलतात. लढाईच्या शेवटी ज्यांना सैन्याने बसमध्ये चढवून नेलं, त्यांना घरचं माणूस मेलेलं म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे आपल्याच हाताने माती लोटणं. अण्णांचा पार्तिबन तेव्हा जेमतेम अठराचा होता. गावी त्याची आई अजून त्याचं ताट वाढते.

साहेबाने मात्र लिहून टाकलं की कुटुंबाला काही त्रास नाही, आणि आसऱ्याचा अर्ज फेटाळला गेला. परत पाठवलं तर जीव जाईल, हे आपणच पटवायचं, आणि तेही पहिल्याच जबाबात, बोटीतून उतरून अजून ओकाऱ्या थांबलेल्या नसताना. असला कायदा ज्यांनी केला, त्यांना एकदा तरी त्या बोटीत बसवायला हवं होतं.

अपिलाच्या वेळी जिल नावाच्या वकीलबाई मिळाल्या. भल्या होत्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. गावी पोलीस अण्णांच्या चौकशीला दोनदा येऊन गेले होते. जिलबाईंनी सांगितलं, मुलाला सैन्याने नेऊन मारलं हे सुनावणीत बोला, नाहीतर परत जावं लागेल. अण्णांचं जेवणच तुटलं. एकदा मला म्हणाले, "पोरी, मी जगावं म्हणून त्याला मारू?"



सुनावणीला मी सोबत होते. प्रश्न आला तसे अण्णा उगाचच उभे राहिले. "माझा मुलगा मेला," ते म्हणाले. "सैन्याने नेला आणि मारला." दुभाषाही आमच्यातलाच होता. ते वाक्य इंग्रजीत सांगताना त्याने अण्णांकडे बघायचं टाळलं. घरी आल्यावर अण्णा उंबऱ्याबाहेरच थांबले आणि अंगावर घ्यायला पाणी मागितलं, स्मशानातून आल्यावर मागतात तसं. मी बादली आणून दिली आणि आत जाऊन रडले.

निकाल विरुद्ध लागला. मुलाचा मृत्यू खरा असता तर पहिल्याच दिवशी सांगितला असता, ही गोष्ट मागाहून रचलेली आहे, असं निकाल देणाऱ्यांचं म्हणणं. जिलबाईंनी मान खाली घालून ते समजावलं, मी तमिळमध्ये सांगत गेले. आता त्यांना विमानात बसवणार, हेही सांगितलं.

"नीट विचार तिला," ते म्हणाले. "पार्तिबन मेला, हे त्यांनी मानलं नाही?"

"नाही मानलं, अण्णा."

"सरकारनेच?"

"सरकारनेच."

त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. "मग बरं झालं, पोरी. आता त्याच्या आईला तोंड दाखवता येईल."