गैरहजरांनी हात वर करावा

आमच्या शेजारच्या सकीना तांबोळी रागावल्या की आधी चष्मा पुसतात. त्या दिवशी काच झिजायचीच बाकी होती.

स्वारगेटजवळच्या एका रक्तपेढीत त्या एकवीस वर्षं रक्तदात्यांची यादी सांभाळताहेत. यादी म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवरची साधी फाइल. एका दात्याची एक ओळ. दाता वारल्याचं कळलं की ती ओळ सकीनाताई स्वतः काढणार, मनात दुवा मागून. गेल्या दिवाळीत नवा डेटाबेस आला. फाइलीत जे बदलेल ते रोज संध्याकाळी आपोआप तिकडे उतरणार आणि फोन करणाऱ्या मुली तिथूनच नंबर घेणार. झकास!

अन् एके सकाळी वारज्याच्या आनंदीबाई पेढीत येऊन उभ्या. "आमचं मालक जाऊन चार महिनं झालं. तरी 'रक्त द्यायला या' म्हणून हा तिसरा फोन हाय! कुठनं आणू त्यांना?"

पेढीचे साहेब यज्ञेश्वर. चौकशीबिवकशी काही नाही, थेट सकीनाताईंना मेमो : नाव काढण्यात निष्काळजीपणा.

"नाव मी त्याच आठवड्यात काढलंय, साहेब."

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, ताई."

"मग मी बोलते?"

बाईची एकवीस वर्षं एका पारड्यात, यंत्राचे सहा महिने दुसऱ्यात. आणि जड कोण? यंत्र! वा रे न्याय!

ताई तडक श्रीनिवासकडे गेल्या. डेटाबेस त्यानंच बसवलेला.

"माझ्या फाइलीत नाव नाही. तुझ्याकडे कसं?"

"नवी ओळ आली की प्रोग्रॅम ती घालतो, बदलली की बदलतो."

"आणि गेली की?"

"नसलेली ओळ त्याला दिसणार कशी, ताई?"

"अरे, बाई हजेरी घेतात तेव्हा गैरहजर पोरं हात वर करून 'मी आलो नाही' म्हणतात का? तुझ्याकडचं एकेक नाव घे आणि माझ्या फाइलीत सापडतंय का बघ!"

श्रीनिवासनं कान खाजवत पडताळा घेतला. एकशे सदतीस नावं निघाली. फाइलीतून कधीच गेलेली, डेटाबेसात अजून ठणठणीत.

साहेबांचा आवाज एकदम साखरेत घोळला. "जाऊ द्या ताई, मेमो फाडून टाकू."

"फाडायचा नाही. सगळ्यांसमोर दिलाय आपण. त्याच कागदावर लिहा, चूक सकीना तांबोळींची नव्हती. आणि आनंदीबाईंना माफीचं पत्रही आपणच लिहा. खाली सही आपली."

साहेब पेनासाठी खिसे चाचपू लागले. ताईंनी आपलं पुढे केलं, टोपण काढून.