काळ्या पडद्यावर पाच जण

ज्या गप्पांत फोटो जात नाही, आवाज जात नाही, तिथे माणसाला सगळं लिहून सांगावं लागतं. आणि लिहिताना माणूस चुकतो. आमच्या चॅनेलचे किस्से असे चुकत चुकत साठत गेले.

चॅनेल म्हणजे टीव्हीचं नव्हे. मोहाडीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. तिथल्या जुन्या मशीन नव्या सिस्टिमला झेपेनात, म्हणून त्यांच्यावर काळ्या पडद्याचं, आज्ञा टाइप करून चालणारं, नुसत्या अक्षरांचं चॅट टाकलं. माझा मित्र प्रभाकर गोसीखुर्दच्या पुनर्वसनाच्या गावात राहतो, मासेमारी करतो. त्याच्याकडे नेट इतकं बारीक की फोटो अर्ध्या वाटेतच राहतो. अक्षरं मात्र पोहोचतात. मग रिटायर्ड लाइनमन घनश्यामभाऊ आले, त्यांच्या बहिणीचा नवरा, कोंढ्याचा धान पिकवणारा वसंता आला, शाळेत शिकवणाऱ्या वनिताताई आल्या. माझ्यासकट पाच.

घनश्यामभाऊंच्या घरी मशीन मीच बसवून दिली. तीन दिवसांनी ते चॅनेलवरून गायब. जाऊन पाहतो तर पडद्यावर हिरवा डोंगर आणि निळं आभाळ.

त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "बिघडला होता जी. नुसता काळा काळा दिसे. रिपेअरवाल्याले बोलावलं. जुनं सारं पुसलं त्यानं. पाहा, किती साजरा करून देला."

"भाऊ कुठं आहेत?"

"आत निजले. सकाळपासून जेवले नाहीत."

या चॅटमध्ये प्रत्येक आज्ञेच्या आधी स्लॅश द्यावी लागते. एकट्याला खाजगीत लिहायचं तर स्लॅश, मग msg, मग त्याचं नाव. स्लॅश विसरली की ते सगळ्यांना दिसतं. हे मी सगळ्यांना नीट सांगितलं होतं.

एका रविवारी वनिताताईंची ओळ चॅनेलवर आली. "msg ghanshyam मास्तर माणूस चांगला आहे, पण एकच गोष्ट चारदा सांगते."

मी लिहिलं, "ताई, आधी स्लॅश द्या."

थोड्या वेळानं पुन्हा ओळ आली. "msg ghanshyam पाहा, पाचव्यांदा सांगतलं."

नेट तुटलं तरी तुमचं नाव काही मिनिटं यादीत तसंच बसून राहतं. तेवढ्यात तुम्ही परत आलात तर नावाच्या शेवटी खालच्या रेघेची एक शेपटी लागते. प्रभाकरचं नेट दिवसातून दहादा तुटतं. एकदा यादीत तीन प्रभाकर दिसले. एक बिनशेपटीचा, एक एका शेपटीचा, एक दोन शेपट्यांचा.

घनश्यामभाऊंनी विचारलं, "तुम्ही तिघं भाऊ काय जी?"

प्रभाकरनं लिहिलं, "हाव. दोघं जाळ्यात राहिले, मी निसटलो."

त्याच प्रभाकरनं पुढे अवे मेसेज शिकून घेतला. म्हणजे आपण जाग्यावर नसताना कुणी खाजगीत काही विचारलं, तर आधी लिहून ठेवलेलं उत्तर आपोआप जातं. मासे धरायला जाताना तो लिहून ठेवी, "पाण्यात आहे."

श्रावणात धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. वनिताताईंनी त्याला खाजगीत विचारलं. या वेळी स्लॅश बरोबर दिली.

"प्रभाकर, घर कसं आहे?"

"पाण्यात आहे."

"आई कुठी आहे?"

"पाण्यात आहे."

"आणि तू?"

"पाण्यात आहे."

ताईंनी फोन लावला, लागला नाही. मग त्यांनी तहसीलला कळवलं. दुपारपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बोट घेऊन सहा माणसं प्रभाकरच्या अंगणात पोचली. अंगण कोरडं होतं. त्याची आई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "चहा घेता काय जी?"

प्रभाकर गावच्या तलावावरून कमरेपर्यंत ओला होऊन आला.

"तुम्ही पाण्यात आहात असं कोणी कळवलं?" तहसीलच्या साहेबांनी विचारलं.

"मीच."

"खोटं कायले कळवलं?"

"खोटं कसं? होतोच ना जी."

तेव्हापासून त्याचा अवे मेसेज आहे, "जिवंत आहे."

आता घनश्यामभाऊ आणि वसंताचं. एका वास्तुशांतीत वसंता पंगतीसमोर म्हणाला की भाऊंनी गाडलेले टेलिफोनचे खांब सगळे वाकडे. भाऊ घरी आले आणि मी शिकवलेली इग्नोरची आज्ञा त्याच्या नावावर टाकली. म्हणजे त्यानं काहीही लिहिलं तरी यांना दिसणार नाही. राग दोन दिवसांत उतरला. मशीन बंद केली की आज्ञाही जाते, असं त्यांना वाटलं. ती जात नाही.

मग भाऊ वसंताच्या ओळीची वाट पाहू लागले. आम्ही वसंताला उत्तरं देताना त्यांना दिसायचो. वसंता मात्र दिसत नव्हता. "तुमाले खाजगीत लिवते, मले एक शब्द नाही," असा त्यांनी अर्थ काढला. आणि भाऊ वसंताला उत्तर देत नाहीत, हे आम्ही रोज पाहत होतो. घरचं भांडण, मधी कोण पडेल.

आठ महिन्यांनी भाऊ सहज क्लासवर आले आणि माझ्या बाजूला बसले. माझ्या पडद्यावर वसंताची ओळ आली. "राम राम घनश्यामभाऊ."

भाऊंनी चष्मा वर केला. "हे मले लिवलं काय?"

"रोजच लिहितो."

"मले तं दिसत नाही."

मी जुन्या ओळी उघडून दिल्या. भाऊ वाचत बसले. राम राम भाऊ. राम राम भाऊ, धानाचं परहं लागलं. राम राम भाऊ, बहीण तुमची आठवण करून राहिली. राम राम भाऊ, पोरीले पाहाले आले होते. राम राम भाऊ, पोरीचं जमलं. राम राम भाऊ, मामा आल्याबिगर तारीख काढत नाही.

ही शेवटची ओळ त्यानं अकरा दिवस रोज लिहिली होती.

चहा आला. भाऊंनी घेतला नाही. "या सगळ्याले एकदम उत्तर देता येते काय, मास्तर?"

"नाही. एकेक द्यावं लागते."

भाऊंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. बराच वेळ एका बोटानं काही लिहिलं, सगळं पुसलं. मग फक्त बाहेर पडण्याची आज्ञा दिली आणि जाताना सोडायच्या निरोपात दोन शब्द टाकले. पिशवी उचलली आणि स्टँडकडे निघाले. तो माझा लॉगिन होता, त्यामुळे बाहेर मी पडलो होतो.

परत आत आलो तर वसंताची ओळ वाट पाहत होती. "मास्तर, तुमचं नाव गेलं आणि 'मामा निघाला' असं आलं. कोणाचा मामा?"

मी लिहिलं, "चारच्या एसटीवर जाऊन पाहा."