जिता दगड

बाबांच्या गिरणीचा संप लांबला, तेव्हा मी गावाहून मुंबईजवळ मनोरीला समुद्रकाठच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला लागले. सातवीत शाळा सुटलेली, समुद्र तोवर कधी पाहिलेला नाही. किनाऱ्यावर खडकाला चिकटलेले शिंपले फोडून कालवं काढणारी एक मावशी मला मूठभर कालवं द्यायची आणि विचारायची, “काय गो, जेवलीस ना? का नुसतं लोकांना वाढलंस?” असं तिथं दुसरं कुणी विचारत नव्हतं.

ओहोटी लागली की ती आधी खडकातल्या पाण्याच्या एका खळग्यापाशी बसायची. आत तळहाताएवढं जिवंत पोवळं होतं आणि तांबड्या शेवाळाची खपली कडेनं त्यावर चढत होती. ती खपली मावशी नखानं हळूहळू काढायची, मग कालवांकडे वळायची. “जिता दगड हाय हा,” म्हणायची. “आयशीनं दाखवलेला.”

ती तापानं पडली, तेव्हा तिचे उपकार थोडे तरी फेडावेत म्हणून मी सुरीनं पोवळ्यावरचं सगळं घासून काढलं. पोवळं पांढरंशुभ्र झालं. मला वाटलं, झकास.

मावशी बरी होऊन आली. तिनं त्यावर बोट फिरवलं. “कातडीच सोललीस गो त्याची. आता नाय वाचत.”

दोन महिन्यांत तो पांढरा दगड खपलीखाली गेला. मावशी तरीही आधी तिथंच बसायची, पण नख लावायची नाही. उठताना माझ्या हातावर कालवं ठेवून विचारायची, “जेवलीस ना?”

मी खाली बघून हो म्हणायचे.