अकरा नंबरची नाडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलींना नाही. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे! मग एवढी एक गोष्टच कशी राहिली आत?

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात एका मोठ्या दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत होते. नेसरीची कमळ माझी जिवलग. सहामाहीत ती पहिली आली, मी दुसरी — म्हणजे तिच्याच वह्या वाचून दुसरी. सहा महिने झाले की पांढरी टोपी मिळायची, त्याचा समारंभ असे. हातात दिवे घेऊन सगळ्या मुली रांगेत चालायच्या आणि पहिली आलेली सर्वांत पुढे. कमळच्या वडिलांनी तर गावभर सांगून ठेवलं होतं.

रोज सकाळी आम्ही दोघी वॉर्डात ताप-नाडी घ्यायचो. मी थर्मामीटर लावून आकडे ओरडायचे, ती तक्त्यावर लिहून सही करायची. अकरा नंबरच्या खाटेवर हुपरीचे एक चांदीकाम करणारे मामा होते. एकदा सापडलात की पैंजणाच्या घुंगरांवर अर्धा तास! त्या दिवशी मेसमध्ये शिरा होता — आणि मला, काय सांगू, शिरा फार आवडतो. मामा डोक्यावरून पांघरूण घेऊन निजलेले दिसले. मी लांबूनच ठोकून दिलं — ताप नाही, नाडी बहात्तर. वर "शौचास साफ" हेही घातलं. कमळने लिहून घेतलं. माझ्यावर तिचा विश्वास होता ना.

दुपारी बाराला मामा दारातून हसत आत आले.

"पहाटंच्या गाडीनं घरला गेलतो की! पैंजणाचं जोडकाम ऱ्हायलं हुतं."

पांघरुणाखाली दोन उशा निघाल्या. सगळा वॉर्ड खो-खो हसला. मलाही हसू आवरेना. मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. तक्ता पुढे धरून म्हणाल्या, "ही सही कुणाची?"

कमळने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी — मी डेटॉलच्या पेल्यातला थर्मामीटर पुसायला घेतला. इतका स्वच्छ तो कधीच पुसला नव्हता.

"माझी," ती म्हणाली.

एवढ्यावरून तिचा पुढचा मान गेला. आणि तो मिळाला कुणाला? दुसरीला.

मी पुढे चालले. खोटं कशाला बोलू — छान वाटलं. टोपी झकास बसली होती. नंतर कमळचे वडील आले, हातात लाडवांचा डबा. त्यांना तिने काय सांगितलं होतं, कोण जाणे. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, लई झ्याक चाललीस बघ. आमची कमळ म्हणाली, तुझाच मान हुता त्यो."

मी दोन लाडू खाल्ले.

त्या दिवसाचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला आहे. कमळ येते अधूनमधून, त्याच्याखाली बसून चहा पिते आणि माझ्या नातीला सांगते, तुझी आजी पहिली होती. मी कप उचलून आत जाते.