खळ्याची मोजणी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर माझ्या थोरल्या आत्याचे. भाटघर धरणाच्या मागच्या अंगाला आमचं गाव. तिथं भातलावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. भोरच्या कॉलेजात मी नाव घातलं तेव्हा वडील दम्यानं बसलेले होते आणि आमच्या घराची पाळी भरायला माणूस उरत नव्हतं. आत्या म्हणाली, "त्याची पाळी म्या भरीन. पोराला शिकू द्या." स्वतःच्या घराची पाळी संपली की ती आमच्या नावाचे दिवस वेगळे भरायची. तीन पावसाळे.

फी सरकारनं माफ केली, राहायला सरकारी वसतिगृह मिळालं, आणि पुढं नोकरीही सरकारीच लागली. मी जमीन मोजतो. सरकारबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, ती खोटी नाही.

गावाच्या खालच्या अंगाला भात झोडायचं एक खळं होतं. सगळ्यांचं. पण सातबाऱ्यावर कुणाचं तरी नाव लागतं, म्हणून जुन्या माणसांनी एका भरवशाच्या म्हाताऱ्याचं नाव लावून दिलं होतं. सगळं तोंडी. गेल्या वर्षी त्याच्या नातवांनी ते पुण्याच्या एका गृहस्थांना रीतसर विकलं. गाव कुंपण घालू देईना, म्हणून त्यांनी पोलीस बंदोबस्तात मोजणी मागितली. काम माझ्याकडं आलं. गाव माझंच आहे असं साहेबांना सांगून मला सुटता आलं असतं. मी सांगितलं नाही. आपल्या माणसांपुढं कायद्याला धरून वागून दाखवावं, असा काहीतरी ताठा होता.

आम्ही पोचलो तेव्हा खळ्यावर भाताचे भारे रचलेले होते. त्यांत आत्याचेही होते. ती पुढं आली.

"या सायेब! आदी च्या घेनार का आदी आमाला हाकलनार?"

बायका हसल्या. एक हवालदारही हसला आणि म्हणाला, "मावशी, आम्हाला दोन्ही चालतं."

"तुमाला चालंल ओ. आमी झोडायचं कुठं, तुमच्या गाडीच्या टपावर?"

मी खाली बघत म्हणालो, "आत्या, कागद त्यांच्या बाजूनं आहे."

"कागद खोटा हाय असं म्या म्हनत न्हाई. पर हितं भारं हायेत, ते तुला दिसत्यात न्हवं? मग दिसतंय तेवढं तरी लिव."

पोलिसांनी सगळ्यांना कडेला उभं केलं. कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त काठी आडवी धरली. मी यंत्र लावलं, हद्द काढली, चुन्याची फक्की टाकली. फक्की आत्याच्या भाऱ्यांवरही पडली.

नकाशावर जागेचा प्रत्यक्ष वापर दाखवता येतो. ते माझं कामच होतं. नात्यातल्यांची बाजू घेतली असं कुणी म्हणेल, या भीतीनं मी ती जागा कोरी सोडली.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. त्या गृहस्थांनी चोरी केलेली नाही, पैसे मोजून जागा घेतली आहे. गावाचा सारखेपणाही मी पाहिलेला आहे. त्याच खळ्यावर बुद्धविहारापलीकडच्या आमच्या वस्तीची पाळी नेहमी सगळ्यांच्या शेवटी यायची. एका घरानं सावड मोडली तेव्हा त्यांच्या खाचराकडं कुणी फिरकलं नाही, रोपं जागेवर पिवळी पडली. तीही जबरदस्तीच होती, काठीशिवायची. आम्हाला आमचा हक्क सरकारच्या कायद्यानंच दिला. मग तोच कायदा काठी घेऊन खळ्यावर उभा राहिला तेव्हा मला त्याच्या मागं लपावंसं का वाटलं? मी काय लिहिलं नाही, एवढं मात्र मला माहीत आहे.

कुंपणाविरुद्ध गावानं अर्ज केल्याचं कळलं, तेव्हा मी आत्याला पत्र पाठवलं. फोनवर मला बोलता आलं नसतं.

"आत्यास नमस्कार.

शेजारच्या मुलीकडून हे वाचून घे, आणि मोठ्यानं वाचायला सांग. गावानं ऐकलं तरी चालेल.

त्या दिवशी खळ्यावर भारे होते, जमीन सारवलेली होती, मळायचा खांब रोवलेला होता. हे मी पाहिलं आणि नकाशावर दाखवलं नाही. तसं मी आज ऑफिसात सहीनिशी लिहून दिलं आहे. गावाच्या अर्जाला जोडायला त्याची एक प्रत सोबत पाठवतो. त्यानं खळं परत मिळेलच असं मी सांगू शकत नाही. खरेदी खरी आहे. माझी चौकशी होईल, ती होऊ दे.

लावणीला मी रजा टाकून येतोय. माझी पाळी आता तू भरायची नाहीस. सावडीत मला घेतील की नाही, ते मात्र तू विचारून ठेव.

तुझा भाचा"