तारखेवरचं बोट

भडगावच्या आमच्या मेडिकलमधलं कॅलेंडर भिंतीवर फारसं टिकायचं नाही. मुरुमांच्या कॅप्सूलची चिठ्ठी घेऊन बाई आली, की दुकानाचे मालक नाना ते खिळ्यावरून काढून काउंटरवर सरकवायचे आणि स्वतः पाठमोरे व्हायचे. “माय, मांगली पाळीनी तारीखवर बोट ठेव. मी तिकडे देखस.” दिवस वर गेलेले दिसले, की आधी तपासणी करायला पाठवायचे. एकदा एक शिक्षिका भडकल्या, “नाना, वय काय तुमचं, विचारता काय!” नाना शांतपणे म्हणाले, “वय शे म्हनीसनच इचारस.”

मी डी.फार्म. होऊन नुकतीच लागले होते. अ जीवनसत्त्व शरीरात मोकळं हिंडत नाही, ठरावीक प्रथिनं त्याला धरून हवं तिथे, हवं तेवढंच पोचवतात, आणि पोटात बाळाचे कान, हृदय घडताना हे प्रमाण फार जपावं लागतं, हे मला घडाघडा पाठ होतं. या कॅप्सूल त्याच जीवनसत्त्वाच्या घराण्यातल्या. त्या सगळं प्रमाण बिघडवतात. नानांना प्रथिनांची नावं येत नसत. ते एवढंच म्हणायचे, “हाई कॅप्सूल तोंडना फोड घालवस, पन पोटमाना जीवले नडस. लाज धरसू ते पाप लागी मले.”

लाज मी धरली. नाना डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला गेले होते आणि दुकानात मी एकटी. माझ्या शाळेतली सुरेखा आली, लग्नाआधीची जुनी चिठ्ठी घेऊन. दिराच्या हळदीपर्यंत तिला चेहरा स्वच्छ हवा होता. शेजारी सासू, मागे तिच्याच गल्लीतले दोन पुरुष. माझा हात कॅलेंडरपर्यंत गेला आणि तसाच परत आला. मी कॅप्सूल दिल्या.

तेव्हाच तिला दिवस गेले होते, तिला माहीत नव्हतं. मुलगी झाली. तिच्या दोन्ही कानांच्या जागी नुसत्या बारीक गाठी, हृदयात दोष. जळगावच्या डॉक्टरांनी औषधांची चौकशी केली आणि ती रिकामी पाकिटं पुढे आली.

सुरेखाचा नवरा आणि सासू दुकानात आले. मी कपाटाआड सरकले. नाना गल्ल्यावरून उठले. “मीच इले सांगेल व्हतं, गर्दीमा इचारू नको. चूक मनी शे.” हात जोडून ते उभे राहिले. सासूने नको ते बोलून घेतलं.

ते गेल्यावर मी रडत म्हटलं, “नाना, खोटं का बोललात?”

“तुनं आत्तेच सुरू व्हयनं शे, पोरी. मनं व्हई गयं.”

त्यानंतर गावातली कितीतरी घरं नानांना टाळू लागली. कॅलेंडर सरकवलं, की बायका टोमणा मारायच्या, “आता विचारता होय?” नाना पाठमोरेच असायचे. मी बाजूला उभी राहून ऐकायचे. खरं सांगायला माझ्याजवळ चार वर्षं होती. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

गेल्या महिन्यात नाना गेले. दहाव्याला सुरेखा आली, लेकीला घेऊन. पोरीच्या कपाळावर यंत्राचा पट्टा होता. त्यातून तिला ऐकू येतं. सुरेखा हळूच म्हणाली, “नाना जन्मभर सगळ्यांना विचारत आले. माझ्याच वेळी तुला का नको म्हणाले गं?”

मी तिथेही विषय बदलला.

सुरेखा, हे छापून येण्याआधी मी तुझ्या घरी येऊन तुला वाचून दाखवणार आहे. गर्दीत विचारू नको, असं नानांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.